घट्ट म्हणजे पक्कं नव्हे: आटे गेले तर पैसे कोणी भरायचे?



गॅरेज टाकायचंय, सर्व्हिस सेंटर काढायचंय असं म्हणत जे माझ्याकडे येतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "दादा, कुठली मशिनरी घेऊ?" रॅम्प, कंप्रेसर, हवेवरची गन, वॉशिंगचा पंप, अशी यादी खिशात तयार असते. त्या यादीत टॉर्क रेंच क्वचितच दिसतो. आणि "आपल्या हातून आटे गेले तर गिऱ्हाईकाला काय सांगायचं, पैसे कोणी भरायचे" हा प्रश्न तर कुणाच्याच वहीत नसतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जास्त आवळलेला बोल्ट आणि गेलेले आटे हा मेकॅनिकचा विषय आहे असं समजू नका. तो मालकाचा विषय आहे. पाना पोराच्या हातात असतो, पण तो किती आवळायचा आणि चुकलं तर बोलायचं की लपवायचं, हे मालक ठरवतो. तोंडाने ठरवतो किंवा आपल्या वागण्यातून ठरवतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. साडेदहा हजार रुपये आणि एक चांगला पोरगा घालवून शिकलो.

दूधवाल्या मामांची गाडी

दुकान सुरू करून दुसरं वर्ष होतं. कराडच्या बाजूला, हायवेपासून थोडं आत माझं टू-व्हीलरचं गॅरेज आणि पार्टचं दुकान. बीबीए झालं होतं, हिशेब येत होता, बोलणं येत होतं. पाना मात्र मी चुलत्यांच्या गॅरेजात सुट्टीत जेवढा धरला तेवढाच.

एक दूधवाले मामा दर दोन महिन्यांनी ऑइल बदलायला यायचे. शंभर सीसीची गाडी, दोन्ही बाजूंना किटल्या. माझ्याकडे तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा एक पोरगा होता, हात चांगला होता. त्या दिवशी ऑइल काढून झाल्यावर तो चेंबरचा ड्रेन बोल्ट परत बसवत होता. आवळता आवळता थांबला आणि मला हाक मारली. "शेठ, बोल्ट फ्री फिरतोय. आटे गेलेत."

दुकानात सहा गाड्या उभ्या होत्या. मी काउंटरवरूनच म्हणालो, "टेफलॉन गुंडाळ आणि बसव. पुढच्या सर्व्हिसला बघू."

त्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं. मग सांगितलं तसं केलं. मामांना आम्ही काहीच बोललो नाही.

अकराव्या दिवशी पहाटे मामांच्या गाडीचं इंजिन जाम झालं. वाटेत बोल्ट पडला, ऑइल सगळं रस्त्यावर, आणि त्यांना कळेपर्यंत पिस्टन चिकटला होता. किटल्या भरलेल्या, डेअरीची वेळ टळली, दूध वाया गेलं. टेम्पोत घालून गाडी माझ्या दुकानात आणली. मामा ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "बोल्ट गेला ते जाऊ दे. हे तुमाला म्हाईत हुतं का?"

आणि मित्रांनो, मी सगळ्यांसमोर त्या पोरावर ओरडलो. "तुला सांगता येत नाही का?" म्हणालो. तो काहीच बोलला नाही. मान खाली घालून उभा राहिला.

संध्याकाळी मला राहवलं नाही. मामांच्या घरी गेलो आणि खरं काय ते सांगितलं. इंजिनाचं सगळं काम फुकट करून दिलं. ब्लॉक-पिस्टन, बेअरिंग, केसिंगचं काम, चार दिवस त्यांना लागलेलं भाड्याचं वाहन आणि दुधाचे पैसे धरून साडेदहा हजारांच्या वर गेलं. त्याच दिवशी लेथवाल्याकडे जाऊन नवे आटे बसवून घेतले असते तर चारशे रुपयांत काम झालं असतं.

मामा अजून माझ्याकडेच येतात. पोरगा मात्र दिवाळीनंतर आला नाही. फोन केला तर म्हणाला, "दुसरीकडं काम लागलंय." मी त्याची माफी मागितली, पण फोनवर आणि उशिरा. ओरडलो होतो दुकानात, चार लोकांसमोर. माफीही तिथेच मागायला हवी होती.

आटे जातात कसे, हे मालकाला कळलंच पाहिजे

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, सोपं आहे.

बोल्ट म्हणजे खिळा नव्हे. बोल्ट ही एक कडक स्प्रिंग आहे. तुम्ही आवळता तेव्हा तो किंचित ताणला जातो, आणि परत आखूड व्हायच्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. ती पकड म्हणजे बोल्टचं काम. एका मर्यादेपलीकडे ताणलात की तो परत आखूड होत नाही, कायमचा लांबतो. त्यानंतर पकड वाढत नाही. एक तर बोल्ट तुटतो, नाहीतर आटे सोलून निघतात.

कुठले आटे निघतात? जे मऊ असतात ते. इंजिनाचं केसिंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचा. भांडण झालं की ॲल्युमिनियम हरतं. म्हणून वीस रुपयांचा बोल्ट शाबूत राहतो आणि हजारोंच्या केसिंगचे आटे जातात.

दुसरी गोष्ट. पान्यावर लावलेली सगळी ताकद बोल्ट ताणायला जात नाही. ढोबळमानाने नव्वद टक्के ताकद डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होते. जेमतेम दहा टक्के खऱ्या पकडीत उतरते. म्हणजे आट्यांना तेल किंवा ग्रीस लागलं, घर्षण थोडं कमी झालं, की हाताला तेवढीच ताकद लागल्यासारखी वाटते, पण बोल्ट कितीतरी जास्त ताणला गेलेला असतो. उलट आट्यात गंज आणि माती असेल तर पाना जड लागतो, बोल्ट मात्र सैलच असतो. "हाताला कळतं" असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. हाताला घर्षण कळतं, ताण कळत नाही.

तिसरी गोष्ट, पान्याची लांबी. टॉर्क म्हणजे ताकद गुणिले लांबी. सहा एमएमच्या बोल्टला, म्हणजे ज्याला १० नंबरचा पाना लागतो, साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. १५ सेंटिमीटरच्या पान्यावर त्यासाठी सात किलोच्या आसपास जोर लागतो. धडधाकट पोरगा तीस किलोचा जोर सहज लावतो. म्हणजे चारपटीहून जास्त. बोल्ट तुटला तर नवल काय?

म्हणूनच पाने बनवणारे लहान नंबरचा पाना आखूड करतात आणि मोठ्या नंबरचा लांब. ती लांबी विचार करून ठेवलेली असते. आपण त्याला पाइप लावतो आणि तो सगळा विचार पाण्यात जातो. पाइप कधीतरी सोडवायला लावा. आवळायला पाइप लावलेला माझ्या दुकानात कोणी दिसला तर मी हातातलं काम थांबवतो.

हाताला मिळणारी सूचना

आटे जाण्याआधी सांगून जातात. बोल्ट आवळताना हाताला जोर हळूहळू वाढत जाणवला पाहिजे. वाढता वाढता तो एकदम मऊ लागला, पाना फिरतोय पण घट्टपणा वाढत नाही, की तिथेच थांबायचं. अजून एक फेरा मारून "बसेल" या आशेवर राहू नका. तो फेरा सगळ्यात महाग पडतो.

आणि चढवताना सुरुवात बोटांनीच करा. पहिले दोन-तीन आटे बोटांनी बसले पाहिजेत. बसत नसतील तर बोल्ट आधी उलटा फिरवा. "टक" करून आटा आट्यात पडल्यासारखं लागेल, मग सुलटा फिरवा. वाकडा चढलेला बोल्ट पान्याने सरळ होत नाही, तो नवीन चुकीचे आटे पाडत आत जातो. हवेच्या गनने तर सुरुवात करूच नका. गन खोलायला आहे. शेवटचं आवळणं हाताने आणि मोजून.

न निघणारा बोल्ट: घाई केली की खर्च

आता दुसऱ्या कुणीतरी आवळून ठेवलेला बोल्ट तुमच्याकडे आला, तर काय? माझ्या दुकानात हा क्रम भिंतीवर लिहिलाय.

१. थांबा. बोल्ट सुलटा आहे की उलट्या आट्याचा, हे बघा. सायकलचं डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण गाडीतही असे काही नट असतात. खात्री नसेल तर मॅन्युअल उघडा.

२. तारेच्या ब्रशने घाण काढा. गंज सोडवणारं तेल मारा आणि खरंच वाट बघा. पाच मिनिटं म्हणजे वाट नव्हे. शक्य असेल तर रात्रभर राहू द्या.

३. सहा कोनांची गोटी वापरा. बारा कोनांची गोटी जाम बोल्टवर घसरते आणि कोपरे खाते. जपानी घडणीच्या गाड्यांवरच्या चौफुली स्क्रूला साधा स्क्रू-ड्रायव्हर नीट बसत नाही, डोकं खराब होतं. त्याचं वेगळं टोक मिळतं, ते घ्या. हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर फार महाग नसतो आणि अशा स्क्रूला तो देवासारखा धावतो.

४. डोक्यावर हलके ठोके द्या. आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवा, मग सोडवा. गंजाची पकड एकदा मोडली की बोल्ट येतो.

५. उष्णता. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून केसिंग गरम केलं की बोल्ट सैल होतो. पण पेट्रोलची टाकी, रबर, ब्रेकचे पाइप, वायरिंग जवळ असेल तर आग अजिबात नाही. चार रुपयांच्या बोल्टसाठी गाडी पेटवू नका.

६. डोकं गेलं असेल तर वरून नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेनेच अर्धं काम होतं. पण बॅटरी सोडवूनच.

७. ड्रिल आणि एक्स्ट्रॅक्टर सगळ्यात शेवटी. एक्स्ट्रॅक्टर अतिशय कडक पोलादाचा असतो. तो आत तुटला की साधं ड्रिल त्यावर चालत नाही. दोनशेचं काम दोन हजारांवर जातं. हाताला भरवसा नसेल तर गाडी लेथवाल्याकडे न्या. त्यात कमीपणा नाही.

गेलेले आटे परत आणायचे मार्ग

सगळेच आटे "गेले" नसतात. वरचेच एक-दोन दबले असतील तर टॅप फिरवून साफ होतात. भोक खोल असेल आणि जुना बोल्ट आखूड असेल, तर खालचे न वापरलेले आटे पकडणारा लांब बोल्ट चालतो. पण तो तळाला टेकत नाही ना, हे आधी मोजा. तळाला टेकलेला बोल्ट घट्ट लागतो, पकड मात्र शून्य.

पूर्ण गेले असतील तर माझी पहिली पसंती हेलिकॉइलला. स्टेनलेस पोलादाच्या तारेचं हे वेटोळं असतं. भोक ठरलेल्या मापाने मोठं करायचं, त्याच्याच खास टॅपने आटे मारायचे आणि वेटोळं आत फिरवायचं. बोल्ट जुन्याच मापाचा बसतो. बऱ्याच लोकांना वाटतं ही जुगाडाची वस्तू आहे. तसं नाही. मऊ धातूत मजबूत आटे हवेत म्हणून विमानांच्या इंजिनांतही अशी वेटोळी बसवतात. नीट बसवलेलं हेलिकॉइल मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा दमदार असतं. ड्रेन बोल्टसारख्या वारंवार खोलायच्या जागी भरीव बुशही चांगला.

एक काळजी. चेंबरवर टॅप मारताना टॅपला भरपूर ग्रीस लावा, म्हणजे बारीक चुरा त्याला चिकटून बाहेर येतो. मग थोडं स्वस्त ऑइल वरून ओतून खालून वाहू द्या. तो चुरा इंजिनात राहिला तर आटे वाचवून इंजिन मारल्यासारखं होईल.

मोठ्या मापाचा बोल्ट ठोकून बसवणं, टेफलॉन, एम-सील, हे माझ्या दुकानात बंद आहे. टेफलॉन गळती थोडी अडवतो, आटे देत नाही. हे मी कुठल्या किमतीला शिकलो, ते वर सांगितलंच.

आणि काही जागा अशा आहेत जिथे दुरुस्ती नाहीच, पार्ट बदलायचा. ब्रेक, स्टिअरिंग, चाक. चाकाच्या स्टडचे आटे गेले तर स्टड आणि नट दोन्ही नवे. गिऱ्हाईक म्हणेल, "सध्या चालवून द्या." आपण म्हणायचं, "दादा, हे काम मी असं करत नाही." गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या. त्या चाकावर कुणाचं तरी कुटुंब बसलेलं असतं.

"आमच्या उस्तादाला टॉर्क रेंच लागत नाही"

हे मला प्रत्येक बॅचमध्ये ऐकू येतं. आणि मी उस्तादांचा मान ठेवूनच उत्तर देतो. पंचवीस-तीस वर्षं पाना धरलेल्या माणसाचा अंदाज खरंच चांगला असतो. माझे चुलते अजूनही हाताने आवळतात आणि त्यांच्या हातून आटे गेलेले मी क्वचितच पाहिलेत.

पण तीन प्रश्न विचारा. सकाळी दहाचा हात आणि रात्री साडेआठचा हात सारखा असतो का? पाना बदलला की अंदाज तोच राहतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो अंदाज कालच कामाला लागलेल्या पोराला देता येतो का?

उस्तादाचा हात उस्तादाबरोबर घरी जातो. मॅन्युअलमधला आकडा दुकानात राहतो. तुम्हाला एका माणसाच्या हातावर चालणारं काम करायचंय की धंदा करायचाय, हा तो फरक आहे.

टॉर्क रेंचच्या किमतीचं म्हणाल तर मी माझा पहिला ३,२०० रुपयांना घेतला. दिवसाला १० गाड्या, महिन्याला २६ दिवस, म्हणजे वर्षाला ३,१२० गाड्या. एका गाडीमागे एक रुपया आणि काही पैसे. तेही पहिल्याच वर्षी. मामांच्या एका गाडीत असे तीन रेंच आले असते.

पण घेताना मी केलेली चूक करू नका. "मोठा घेऊ, सगळीकडे चालेल" म्हणून मी कारच्या चाकाचा मोठा रेंच आणला. त्याची सुरुवातच २८ न्यूटन-मीटरपासून होती. सहा एमएमच्या बोल्टला तो लावला, "टक" आवाजाची वाट बघत राहिलो आणि बोल्टच तुटून हातात आला. रेंच त्याच्या क्षमतेच्या मधल्या भागात सगळ्यात खरा बोलतो. खालच्या २० टक्क्यांत त्याचा भरवसा धरू नका. टू-व्हीलरचं काम असेल तर साधारण ५ ते २५ न्यूटन-मीटरचा लहान रेंच आधी घ्या, मोठा नंतर. त्याने कधी बोल्ट खोलू नका, आणि काम झालं की आकडा त्याच्या सगळ्यात खालच्या खुणेवर आणून ठेवा.

आकडा मात्र प्रत्येक गाडीचा तिच्या मॅन्युअलमधूनच घ्या. मी वर दिलेले आकडे समजावण्यापुरते आहेत, पान्याला लावायला नाहीत.

"गिऱ्हाईकालाच घट्ट हवं असतं"

हेही खरं आहे. "चांगलं आवळा हां, मागच्या वेळी सैल राहिलं होतं," असं गिऱ्हाईक म्हणतं. आणि पोरगं त्याच्यासमोर दात-ओठ खाऊन आवळतं. गिऱ्हाईक खूश.

पण हेच गिऱ्हाईक रात्री घाटात पंक्चर होऊन उभं असतं. टायरवाल्याने गनने एवढे आवळलेले नट असतात की गाडीबरोबर आलेल्या पान्यावर उभं राहिलं तरी हलत नाहीत. तेव्हा ते त्या टायरवाल्याला काय म्हणत असेल, हे इथे लिहिण्यासारखं नाही.

म्हणून मी गिऱ्हाईकासमोरच रेंच लावतो, "टक" आवाज ऐकवतो आणि सांगतो, "दादा, कंपनीने सांगितलंय तेवढंच आवळलंय. कमी नाही, जास्त नाही." मला आलेला अनुभव असा की लोकांना हे आवडतं. दात-ओठ खाण्यापेक्षा त्या एका आवाजावर त्यांचा जास्त विश्वास बसतो.

पैसे कोणी भरायचे?

आता मूळ मुद्दा. माझ्या दुकानाचे नियम सांगतो. तुम्हाला पटले तर घ्या, नाहीतर तुमचे बनवा. पण बनवा. आणि गाडी उभी असताना नाही, आधी बनवा.

पहिला: गाडी आत घेतानाच बघायचं. ड्रेन बोल्टचं डोकं खाल्लेलं आहे का, आधी टेफलॉन लावलाय का, ऑइलचा ओघळ आहे का. दिसलं तर फोटो काढायचा, जॉब कार्डवर लिहायचं आणि हात लावायच्या आधी गिऱ्हाईकाला सांगायचं. आधी सांगितलं तर ती माहिती असते. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

दुसरा: आधीपासून गेलेले असतील तर खर्च गिऱ्हाईकाचा. दर आधी सांगून, होकार घेऊन.

तिसरा: आमच्या हातून गेले तर खर्च आमचा. पूर्ण. आणि त्याच दिवशी गिऱ्हाईकाला सांगायचं, भले त्याच्या लक्षात आलं नसेल तरी.

चौथा: नक्की कुणाचं ते कळत नसेल तर सामान त्यांचं, मजुरी आमची.

पाचवा, आणि यावर माझ्याशी भांडणारे भरपूर आहेत: पोराच्या पगारातून एक रुपया कापायचा नाही.

"मग पोरं बेफिकीर होतील," असं मला सांगतात. माझा अनुभव उलटा आहे. पैसे कापले, चारचौघांत झापलं, की पोरं काळजीपूर्वक काम करायला शिकत नाहीत, लपवायला शिकतात. टेफलॉन गुंडाळतात, बोटाने ऑइल पुसतात आणि गाडी बाहेर काढतात. मला माझ्या दुकानात आटे गेल्याचं कळलं पाहिजे. ते कळायचा एकच मार्ग आहे, पोराने मला हाक मारणं. ती हाक मारायची त्याला भीती वाटली तर माझं दुकान आंधळं झालं.

तो पहिला पोरगा आठवा. त्याने हाक मारली होती. तो बरोबर वागला होता. चुकलो मी. आणि शिव्या त्याने खाल्ल्या. त्यानंतर दुकानातल्या बाकीच्या पोरांनी मला काय हाक मारावी?

आता मी एक वही ठेवलीये. आटे गेले, बोल्ट तुटला, की तारीख, गाडी, कुठला बोल्ट, कसा गेला, एवढंच लिहायचं. नाव लिहायचं नाही. महिन्यातून एकदा चहा पिताना सगळे मिळून वाचतो. पहिल्या काही महिन्यांतच एक गोष्ट दिसली. ड्रेन बोल्टच्या बऱ्याचशा भानगडी जुना वॉशर परत वापरल्यामुळे होत होत्या. दबलेला वॉशर सील धरत नाही, ऑइल पाझरतं, मग पोरगं "अजून थोडं" आवळतं, आणि आटे जातात. दोष पोरांच्या हाताचा नव्हता, मी वॉशरमध्ये करत असलेल्या काटकसरीचा होता. आता प्रत्येक ऑइल सर्व्हिसला नवा वॉशर. काही रुपयांची वस्तू. पगार कापत बसलो असतो तर हे मला कधीच कळलं नसतं.

बीबीएच्या वहीतलं एक पान

कॉलेजात आम्हाला दर्जाचा खर्च चार खान्यांत शिकवला होता. चूक होऊ नये म्हणून केलेला खर्च, तपासणीचा खर्च, दुकानातच सापडलेल्या चुकीचा खर्च आणि गिऱ्हाईकापर्यंत पोचलेल्या चुकीचा खर्च. परीक्षेला पाठ करून लिहिलं, मार्क मिळाले, विसरलो.

मामांच्या गाडीनंतर ते पान परत काढलं आणि आकडे भरले. वॉशर आणि एका गाडीमागचा रेंचचा रुपया, हा पहिला खाना. गाडी आत घेताना दोन मिनिटं बघणं, हा दुसरा. लेथवाल्याचे चारशे, हा तिसरा. साडेदहा हजार आणि एक पोरगा, हा चौथा. चूक तीच. फक्त ती कुठल्या खान्यात पकडली, यावर किंमत ठरली.

तुमचा धंदा गॅरेजचा नसेलही. पिठाची गिरणी असेल, पाण्याच्या फिल्टरची फिटिंग असेल, शिलाई असेल, केटरिंग असेल. तुमच्याकडेही एक "ड्रेन बोल्ट" आहे. रोजचं, साधं, कुणी लक्ष न देणारं काम, जे बिघडलं की सगळं इंजिन जातं. तो कुठला, ते आज कागदावर लिहा. तो किती "आवळायचा" याचा आकडा ठरवा. आणि तो बिघडला तर तुमच्या माणसाने कुणाला, कधी आणि कसं सांगायचं, हे त्याला आजच सांगा.

रेंच पुढच्या महिन्यात घेतलात तरी चालेल. पण उद्या सकाळी दुकान उघडलं की पोरांना जवळ बोलवा आणि एवढंच म्हणा: "आटे गेले तर मला हाक मारा. मी ओरडणार नाही."

आणि मग खरंच ओरडू नका.